सुधाकराचा निश्चय

मराठी रंगभूमीवरील ज्या थोड्या नाटकांचीं नांवें तीं न पाहिलेल्या माणसांच्याहि तोंडीं रुळलीं आहेत, त्यांत कै. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ची गणना करावी लागते. १९१९ च्या जानेवारींत गडकरी सावनेरास वारले. त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें, आणि बालगंधर्वांची सिंधू व गणपतराव बोडसांचा सुधाकर महाराष्ट्राच्या स्मरणांत कायमचे जाऊन बसले. या गोष्टीस शंभरांवर वर्षें लोटलीं. सुधाकर हा शोकनायकाच्या पदवीस पोंचतो कीं नाहीं, सिंधूचें पातिव्रत्य मानवी कीं अमानुष, तळीरामाचा विनोद गंभीर कथानकास पोषक कीं मारक, या प्रश्नांचा खल इतका झाला आहे कीं त्यांत नवी भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. आमचा प्रश्न निराळा आणि थोडा अडचणीचा आहे. मद्याच्या व्यसनाविषयीं हें नाटक जें सांगतें तें खरें आहे काय? आणि तें एकच गोष्ट सांगतें काय?

नाटक म्हणजे वैद्यकाचा ग्रंथ नव्हे, असा आक्षेप यावर निघेल. तो आम्हांस मान्य आहे. परंतु हें नाटक आपल्या समाजानें केवळ नाटक म्हणून कधींच घेतलें नाहीं. ज्या घरांत दारूचा शिरकाव झाला त्या घरांत त्याचें नांव इशाऱ्यासारखें उच्चारलें गेलें आहे. पहिला प्याला घेऊं नये, हा त्याचा सर्वमान्य बोध. बोध निर्दोष आहे. पण तो उपयोगी कोणास? ज्यानें अजून ओठ लावलेला नाहीं त्यास. ज्यानें तो प्याला कधींच रिचवला, आणि जो आतां सोडूं पाहतो, त्याला व त्याच्या बायकामुलांना हें नाटक काय देतें? लोकांनीं त्यांतून घेतलेलें उत्तर असें कीं, एकदां लागलेली दारू सुटत नाहीं. सुधाकरासारखा बुद्धिमान वकील जेथें हरला तेथें इतरांची काय कथा! हें उत्तर असत्य आहे, आणि नाटकांतच त्याविरुद्ध पुरावा पडलेला आहे, असें आमचें म्हणणें आहे.

पहिल्या प्याल्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. सुधाकर स्वतःच्या बळावर वर आलेला, तापट व मानी गृहस्थ. न्यायाधिशाशीं खटका उडतो, कांहीं काळ सनद जाते, आणि अपमानाचा दाह विसरण्यासाठीं कारकून तळीराम त्याच्यापुढें प्याला धरतो. एवढ्याशा कारणानें एवढा मनुष्य बिघडेल काय, अशी शंका कित्येकांनीं घेतली आहे. आम्हांस ती पोकळ वाटते. व्यसनास मोठें कारण लागत नाहीं. दुखरें मन, हाताशीं असलेलें औषध आणि तें घे म्हणणारा सोबती एवढें पुरतें. मद्यानें दुःख खरोखरच घटकाभर शमतें, हीच त्यांतली मेख आहे. शमलें नसतें तर दुसऱ्या दिवशीं त्याची आठवण कोणास झाली असती?

गडकऱ्यांची खरी दृष्टि पुढें दिसते. सुधाकर रामलालास दारूच्या पायऱ्या समजावून देतो तो प्रवेश आम्ही या नाटकाचा गाभा समजतों. सोडतां येण्यासारखी असते तोंवर ती सोडावीशी वाटत नाहीं, आणि सोडावीशी वाटते तोंवर सोडण्याची शक्ति उरलेली नसते, असा त्या विवेचनाचा इत्यर्थ. मद्यासक्तीला टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर माणसाचें स्वातंत्र्य निराळ्या प्रमाणांत उरतें, हा विचार पाश्चात्य शास्त्रांत जेलिनेक यांनीं १९४६ व १९५२ सालीं पद्धतशीर मांडला. अमेरिकेंतील वैद्यक संस्थेनें मद्यासक्तीस आजार म्हणून मान्यता दिली ती १९५६ त. ज्या काळीं आपल्याकडील उपदेशक दारुड्यास निव्वळ पापी म्हणून झोडपीत होते, त्या काळीं एका मराठी नाटककारानें त्याच दारुड्याच्या तोंडून त्याच्या रोगाचें निदान वदविलें, ही लहान गोष्ट नव्हे.

या निदानास आतां शरीरशास्त्राचीहि पुष्टि मिळाली आहे. मद्य मेंदूचा व्यापार मंद करतें. तें रोज मिळूं लागलें म्हणजे मेंदू आपला तोल राखण्यासाठीं उलट दिशेनें जोर लावतो. म्हणूनच कालची मात्रा आज अपुरी पडते. मद्य एकाएकीं तोडलें कीं हा उलटा जोर मोकळा सुटतो. हात कांपतात, झोंप उडते, घाम फुटतो, कित्येकांस झटके येतात, आणि दोनतीन दिवसांत कांहींना भ्रमहि होतो. तो प्राणावर बेतूं शकतो. यास्तव वर्षानुवर्षें पिणाऱ्यानें घरांत कोंडून घेऊन नव्हे, तर वैद्याच्या देखरेखीखालींच दारू सोडावी. पण ही झाली पहिल्या कांहीं दिवसांची कथा. शरीर बहुधा आठवड्या-पंधरवड्यांत सावरतें. दारू सुटल्यानंतर दारू न पितां जगणें, हा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

याच ठिकाणीं सुधाकराचा निश्चय आमच्यापुढें येतो. नाटकाचा बोध पहिल्या प्याल्यावर ठेवणारे लोक हा भाग विसरतात. सुधाकरानें दारू सोडली होती. तो शुद्धीवर आला, पश्चात्तापानें पोळला, पुन्हा न पिण्याचा त्यानें निश्चय केला, आणि काम मागण्यासाठीं तो घराबाहेर पडला. निश्चय खोटा नव्हता. परंतु ज्यांच्या दारीं तो गेला त्या जुन्या परिचितांना समोर सुधाकर दिसलाच नाहीं, दारुड्या दिसला. कोणी हिणवलें, कोणी टाळलें, काम कोणींच दिलें नाहीं. आणि मग त्याचें पाऊल पुन्हा जुन्या वाटेला लागलें. दुखणें उलटलें.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सुधाकराचा पहिला प्याला अपमानांतून आला, आणि निश्चयानंतरचाहि अपमानांतूनच आला. जखम तीच, औषध तेंच. व्यसन उलटतें कां, याचा अभ्यास करून अमेरिकेंतील ॲलन मार्लाट व ज्युडिथ गॉर्डन यांनीं १९८५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सोडलेलें व्यसन बहुतेक वेळां तीन प्रसंगीं पुन्हा धरलें जातें, असें त्यांचें प्रतिपादन: मन खिन्न किंवा संतप्त असतां, दुसऱ्याशीं खटका उडाला असतां, आणि पिणाऱ्या सोबत्यांचा आग्रह झाला असतां. सुधाकराच्या वांट्यास हे तिन्ही प्रसंग एकाच वेळीं आले. खिन्नता होती, धिक्कार झाला होता, आणि तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाचें दार उघडें होतें. शास्त्रानें सांडेसहा दशकांनंतर जें सूत्ररूपानें मांडलें तें नाटककारानें एका माणसाच्या चालीबोलींत आधींच पाहिलें होतें.

परंतु सूत्र हातीं आलें म्हणजे उपाय सुचतो, आणि येथें शास्त्र नाटकाच्या पुढें जातें. निश्चय ही एक वेळ करून ठेवून देण्याची वस्तु नव्हे. आपला घात कोणत्या प्रसंगीं होतो हें सोडणाऱ्यानें आधींच ओळखून ठेवावें. कोणत्या रस्त्यानें जाऊं नये, प्याला पुढें आला तर कोणत्या शब्दांनीं नाकारावा, मन फिरूं लागलें तर कोणाच्या घरीं जावें, हें शांतपणीं ठरवावें. तल्लफ लाटेसारखी चढते आणि तशीच ओसरते. ती अनंत काळ वाढत जात नाहीं. तेवढा वेळ माणूस एकटा नसला आणि हातांत कांहीं काम असलें तर ती अंगावरून जाते. सुधाकरापाशीं यांतलें काय होतें? त्याच्यापाशीं नुसता निश्चय होता. आणि नुसत्या निश्चयावर माणसाला बाजारांत धाडणें म्हणजे तापांतून उठलेल्याला भर पावसांत उभें करणें होय.

मार्लाट यांच्या आणखी एका विचारानें या नाटकाच्या नांवावरच नवा प्रकाश पडतो. ‘एकच’ हा शब्द व्यसनी मनुष्य दोन वेळां उच्चारतो. प्याला घेण्यापूर्वीं तो म्हणतो, एकच तर आहे, त्यानें काय होतें! घेतल्यानंतर त्याच एका प्याल्याकडे पाहून तो म्हणतो, आतां सगळें संपलें. निश्चय मोडला तो मोडला, मग एक काय आणि दहा काय! पहिल्या भ्रमाविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें, कारण तो उपदेशास सोयीचा आहे. दुसऱ्या भ्रमाविषयीं कोणी बोलत नाहीं. वास्तविक घात करतो तो दुसराच. पाय घसरणें निराळें आणि कड्यावरून खालीं गडगडत जाणें निराळें. घसरलेल्यास कोणी हात दिला, आणि कशानें घसरलों याचा त्यानें स्वतः विचार केला, तर तो पुन्हा उभा राहूं शकतो. सुधाकर घसरल्यावर स्वतःस कायमचा बुडालेला समजतो, आणि आपल्या कुशाग्र बुद्धीनें तें रामलालास सिद्ध करून दाखवितो. त्याचें निदान अचूक आहे. त्यावरून काढलेलें अनुमान मात्र रोग्याचें आहे, वैद्याचें नव्हे. प्रेक्षक त्याच्या वक्तृत्वानें भारून जातो आणि दोहोंवर एकदमच विश्वास ठेवतो. शंभर वर्षें ही गफलत चालत आली आहे.

हें अनुमान चूक आहे याचा साक्षीदार नाटकांतच हिंडत असतो. त्याचें नांव भगीरथ. प्रेमभंगानें दारूकडे वळलेला हा तरुण त्याच मदिरा मंडळांतला. पण तो सुटतो. टीकाकारांनीं त्याला उपकथानकाचें प्यादें समजून सोडून दिलें. आम्हांस तो नाटकांतील सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो. भगीरथ सुधाकराहून अधिक मनोनिग्रही आहे असें कोठेंहि दाखविलेलें नाहीं. फरक इतकाच कीं, रामलालानें त्याला वेळेवर गांठलें, त्याच्या दुःखाची टवाळी केली नाहीं, आणि लोकसेवेचें ध्येय त्याच्यापुढें ठेवलें. त्याला दारूच्या बदल्यांत सोबत व काम मिळालें. सुधाकराला दारूच्या बदल्यांत नुसती पोकळी मिळाली. एकाच लेखणीनें एकाच नाटकांत हीं दोन चित्रें काढलीं, आणि आपण त्यांतलें एकच पाहत आलों.

या दोन चित्रांच्या सत्यतेची साक्ष सातासमुद्रांपलीकडील एका घटनेंत सांपडते. १९३५ च्या मे महिन्यांत बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा एक गृहस्थ ओहायो प्रांतांतील ॲक्रन शहरीं धंद्याच्या कामासाठीं गेला होता. दारूनें त्याची धुळधाण केली होती आणि ती सोडून त्याला थोडेच महिने झाले होते. काम फिसकटलें, हातीं अपयश आलें. उतरला होता त्या हॉटेलांत एका बाजूस मद्याचा गुत्ता होता. सुधाकराच्या निश्चयानंतरचा प्रसंग याहून निराळा काय होता? परंतु विल्सन गुत्त्याकडे न जातां टेलिफोनकडे वळला, आणि आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशीं गांठ घालून द्यावी म्हणून त्यानें परक्या माणसांस विनविलें. अशा रीतीनें त्याची डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशीं भेट झाली. स्मिथ यांनीं दारू सोडली. पण कांहीं आठवड्यांतच वैद्यांच्या एका परिषदेस गेले असतां ते पुन्हा प्याले! त्यांच्या मित्रानें त्यांना दाराबाहेर काढलें नाहीं. पुन्हा उभें केलें. स्मिथ यांनीं शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजीं, आणि १९५० सालीं मरेपर्यंत ते पुन्हा प्याले नाहींत. हाच दिवस ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ या मंडळाचा स्थापनादिन मानला जातो. जगभर पसरलेल्या या मंडळाची जन्मतिथि म्हणजे एका माणसाचें दुखणें उलटून तो पुन्हा सावरला ती तिथि होय. तळीरामाच्या मंडळास याहून समर्पक प्रत्युत्तर कोणतें असणार? तेथें दारुडे दारूसाठीं जमतात, येथें दारू टाळण्यासाठीं. परंतु माणसाला एकट्यानें हें ओझें पेलत नाहीं, हें दोन्ही मंडळांनीं ओळखलेलें आहे.

सिंधूविषयीं लिहितांना लेखणी अडखळते, कारण मराठी मनांत तिचें स्थान देवघराजवळ आहे. माहेर संपन्न असतां तिकडची मदत न घेतां ती दळण दळून दिवस काढते. नवऱ्याच्या हातून तान्ह्या मुलाचा जीव जातो आणि ती स्वतः मरणाच्या दारीं असते, तरी पोलिसांसमोर खोटें सांगून ती त्यालाच वांचवूं पाहते. या चित्राच्या करुणरसाविषयीं आमचें दुमत नाहीं. पण तें आदर्श म्हणून पुढें केलें जातें तेव्हां आम्हांस भय वाटतें. व्यसनी माणसाच्या कृत्यांचे परिणाम घरानें झांकून ठेवले म्हणजे त्याला आपल्या रोगाचें खरें रूप दिसत नाहीं. आणि मार खाणाऱ्या स्त्रीनें तोंड मिटलें म्हणजे पुढचा आघात मुलावर पडतो. हें दुसरें सत्य गडकऱ्यांनीं निर्भयपणें दाखविलें, परंतु प्रेक्षकांनीं त्यावर पातिव्रत्याची फुलें वाहिलीं. पतीच्या व्यसनाला सिंधू कारण नव्हती आणि तें बरें करणें तिच्या हातींहि नव्हतें. तिला गरज होती ती, तुझा यांत दोष नाहीं, आणि तुला व तुझ्या मुलाला सुरक्षित राहण्याचा हक्क आहे, असें सांगणाऱ्या माणसांची. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनीं १९५१ सालीं दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठीं ‘अल-ॲनॉन’ची स्थापना केली ती याच गरजेंतून.

आपल्याकडेहि नाटकाबाहेर पुढील अंक लिहिला गेला आहे. १९४९ सालीं मुंबई इलाख्यांत दारूबंदीचा कायदा झाला. पण कायदा गुत्त्यास कुलूप घालतो, माणसाच्या आंत काय चाललें आहे तें त्याला दिसत नाहीं. तें पाहण्याचें काम डॉ. अनिता अवचट आणि श्री. अनिल अवचट यांनीं अंगावर घेतलें. ब्राऊन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या, आहारीं गेलेल्या तरुणांची स्थिति अवचट यांनीं लेखांतून मांडली. ती वाचून श्री. पु. ल. देशपांडे व सौ. सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनीं आर्थिक साहाय्य दिलें, आणि १९८६ च्या ऑगस्टांत पुण्यास येरवड्याला ‘मुक्तांगण’ उभें राहिलें. मराठी साहित्यांत व्यसनाचें चित्र पुष्कळांनीं रंगविलें; लेख वाचून इस्पितळ उभें राहावें हा योग विरळाच. तेथून बाहेर पडलेली माणसें पुढें तेथेंच नव्या रुग्णांचा हात धरतात. रामलाल आणि भगीरथ यांचें हें एकत्र झालेलें रूप आहे.

व्यसन उलटतें याची लाज वाटण्याचें कारण नाहीं, हेंहि आतां आंकड्यांनीं सिद्ध झालें आहे. मॅकलेलन आणि त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं दाखविलें कीं, मादक द्रव्यांच्या व्यसनावर उपचार घेतलेल्यांपैकीं शेंकडा चाळीस ते साठ माणसें वर्षाच्या आंत पुन्हा त्याकडे वळतात. आणि मधुमेह, रक्तदाब किंवा दमा या विकारांत पथ्य सुटून दुखणें उलटण्याचें प्रमाणहि साधारण असेंच असतें. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याला नादान म्हणत नाहीं, कीं औषध व्यर्थ ठरलें असेंहि म्हणत नाहीं, उपचार सुधारतो. एका बाबतींत मात्र अधिक सावध राहिलें पाहिजे. गर्दसारखें अफूजन्य द्रव्य कांहीं काळ सोडल्यावर शरीराची तें सोसण्याची सवय मोडते, आणि घसरलेल्या माणसानें जुनी मात्रा घेतली तर ती प्राण घेऊं शकते. म्हणून घसरलेल्याला हांकलून देणें हें नुसतें निर्दयपणाचें नव्हे, घातकहि आहे.

मग गडकऱ्यांवर आमचा आरोप काय? आरोप नाहींच. शोकांतिकेला अटळपणा लागतो. सुधाकर वांचला असता तर हें नाटक झालें नसतें. विष कालवलेला शेवटचा प्याला ही त्या अटळपणाची परिसीमा, आणि कलेच्या दृष्टीनें ती योग्यच आहे. आमची तक्रार आहे ती नाटकाच्या अटळपणास जीवनाचा नियम समजणाऱ्या आम्हां वाचकांविरुद्ध व टीकाकारांविरुद्ध. सुधाकर मेला तो एका प्याल्यानें, असें आपण म्हणत आलों. कारण तसें म्हटलें कीं दोष सगळा प्याल्याचा व पिणाऱ्याचा ठरतो. नाटक लक्षपूर्वक पाहिलें तर मधल्या एका दिवसाचा हिशेब द्यावा लागतो. त्या दिवशीं सुधाकर शुद्धीवर होता, काम मागत होता, आणि गांवांतल्या प्रतिष्ठित, निर्व्यसनी माणसांनीं त्याच्या तोंडावर दारें लावलीं.

यापुढें जो कोणी नट सुधाकराची भूमिका करील त्यास आमची एवढीच सूचना आहे कीं, टाळ्या घेणारीं दारूवरील भाषणें तर त्यानें म्हणावींतच. परंतु काम मागावयास निघालेल्या सुधाकराचा प्रवेश घाईनें उरकूं नये. प्रेक्षकांत त्या रात्रीं कोणी चार दिवसांपूर्वीं दारू सोडलेला मनुष्य बसलेला असेल, आणि त्याच्या शेजारीं त्याला उद्यां काम देऊं शकेल असाहि कोणी असेल. पहिल्याला भगीरथ नीट दिसला पाहिजे, आणि दुसऱ्याला तें लावलेलें दार.